धोंडेची काळजी

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये ईस्टरची सुरुवात देवळात होत नाही, कबरस्थानात होते. पहाटे चार-साडेचारला ढोलकी आणि टाळ घेऊन प्रभातफेरी निघते, ती वस्ती, शाळा, ओढा ओलांडून थेट मातीच्या जागी जाऊन थांबते. आदल्या दिवशी पोरांनी थडग्यांना चुना मारलेला असतो. पेटी उघडली जाते, पाळकसाहेब पूर्वी कंदिलाच्या आणि आता मोबाइलच्या उजेडात शास्त्रपाठ वाचतात आणि तांबडं फुटेस्तोवर गाणी चालतात. मग लोक आपापल्या माणसांपाशी जातात, फुलं ठेवतात, मेणबत्ती लावतात आणि एकमेकांना सलाम करत, हसत-बोलत घराकडे वळतात. कॉलेजातल्या माझ्या एका मैत्रिणीला मी एकदा या उपासनेला नेलं होतं. मेलेल्यांच्या दारी जाऊन आनंद कसला करता गं, असं तिनं परतीच्या वाटेवर विचारलं. मला तेव्हा धड सांगता आलं नाही. आजी सोबत होती. ती म्हणाली, "अगं, पयला आनंद तिथंच झाला ना. मंग कुटं जायाचं?"

आजी पुनरुत्थानाची गोष्ट सांगायची ती येशूपासून सुरू करत नसे. बायांपासून करायची. तिघी जणी होत्या. शुक्रवारी सांजच्याला घाईघाईत माती झाली. शनिवार पाळायचा म्हणून त्या घरात बसून राहिल्या. शनिवारचा दिवस मावळला तशी दुकानं उघडली, तर जाऊन सुगंधी द्रव्यं घेऊन आल्या. रविवारी झुंजुमुंजू होताना निघाल्या. आणि अर्ध्या वाटेत त्यांना आठवलं, की कबरेच्या तोंडाशी भली थोरली धोंड आहे, ती कोण बाजूला करणार? इथं आजी थांबायची. आमच्याकडे आळीपाळीनं बघायची. "मंग? फिरल्या का माघारी?" आम्ही ओरडायचो, "न्हाई!" "न्हाई फिरल्या. धोंड हलल्यावर निघू म्हणल्या असत्या, तर आजूनबी घरीच बसल्या असत्या."

हा प्रसंग मार्काच्या शुभवर्तमानात शेवटच्या अध्यायात आहे. पुढे मोठी झाल्यावर वाचलं, की त्या शुभवर्तमानाच्या जुन्यात जुन्या हस्तलिखितांत गोष्ट त्या बाया घाबरून पळाल्या आणि भीतीपोटी कुणाशी काही बोलल्या नाहीत, इथंच संपते. पुढच्या ओळी नंतर जोडल्या गेल्या असाव्यात असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुष्कळांना हा शेवट अपुरा वाटतो. मला तो फार खरा वाटतो. रिकामी कबर बघून लगेच गाणं सुचलं असतं, तर मी त्या बायांवर विश्वास ठेवला नसता. लूक तर सांगतो, की त्यांनी येऊन सांगितलं तेव्हा प्रेषितांना ती बायकांची बडबड वाटली. आजी यावर काही बोलायची नाही, नुसती आजोबांकडे बघायची.

आमचं घराणं ख्रिस्ती झालं ते आजीच्या आईपासून. म्हणजे माझ्या पणजीपासून. अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत १८१३ साली उतरले आणि नगरला १८३१ मध्ये आले. तिथली पहिली मंडळी १८३३ ची. 'ज्ञानोदय' हे पत्र नगरलाच १८४२ मध्ये सुरू झालं. मुलींच्या शाळा निघाल्या, बोर्डिंगं निघाली, कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी ख्रिस्ताची कीर्तनं उभी केली. पण खेड्यापाड्यांतून माणसं मोठ्या संख्येनं आली ती दुष्काळांच्या मागेपुढे, आणि बहुतेक महारवाड्या-मांगवाड्यांतून आली. पोटासाठी बाटले, हा टोमणा आम्ही जन्मभर ऐकला. आजीला त्याचं वैषम्य नव्हतं. उपाशी माणसाला भाकरी देणाऱ्याचा देव कोण, हे विचारावंसं वाटलं तर त्यात लाज कसली, असं ती म्हणायची. माझं तिच्याहून जरा वेगळं आहे. मला टोमण्याचा राग येतो, आणि त्याहून जास्त राग याचा येतो की जात मात्र देवळाच्या दाराशी चपलांबरोबर राहिली नाही, आत आली, लग्नाच्या बोलणीत येऊन बसली. वर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं कागदावर आम्हाला अनुसूचित जातींतून बाहेर ठेवलं. म्हणजे गावानं जात सोडली नाही आणि सरकारनं ती मानली नाही. असो, तो वेगळा लेख आहे.

पणजी १८९९-१९०० च्या दुष्काळात पोरकी झाली. आई वाटेत गेली, कुठल्या गावाच्या शिवेत गेली तेही तिला ठाऊक नव्हतं. कुणीतरी पोरीला नगरच्या मिशनच्या कंपाउंडात आणून सोडलं. तिथं ती वाचायला शिकली, शिवण शिकली आणि पुढे मिशनच्या एका शाळामास्तराशी तिचं लग्न लावून दिलं. हे मास्तर म्हणजे एकटा माणूस आणि चार कामं. आठवडाभर पोरांना बाराखडी, रविवारी उपासना, कुणी आजारी पडलं तर कुनैनची गोळी, कुणी मेलं तर माती. नेवासे-शेवगावकडच्या एका खेड्यात त्यांचा संसार मांडला गेला. आजी तिथं जन्मली.

आजीची सगळ्यांत मोठी गोष्ट मानमोडीची. १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ आमच्याकडच्या जुन्या माणसांना याच नावानं माहीत होती. पाऊसही त्या वर्षी दगा देऊन गेला होता. पिकं करपलेली, जनावरांना वैरण नाही आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हा ताप आला. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं त्यात गेली असं मानतात. ते आकडे आम्हाला पुढे कळले. आजीच्या लेखी तो आकडा म्हणजे वस्तीतली घरं. कोणत्या घरातून किती गेले ते ती बोटांवर मोजून सांगायची. तरणीताठी माणसं जास्त जात होती. सकाळी डोकं धरून बसलेला माणूस तिसऱ्या दिवशी नसायचा. खड्डे खणायला धड माणूस उरला नाही, तेव्हा म्हातारे आणि पोरं खणू लागली. खड्डे उथळ झाले. रात्री कोल्ही येतात म्हणून वर बाभळीच्या फांद्या टाकायचे.

मास्तर, म्हणजे माझे पणजोबा, रोज कुणाची तरी माती करून यायचे. एक दिवस ते घरी आले ते तापातच. चौथ्या दिवशी गेले. पाठोपाठ आजीचा धाकटा भाऊ गेला, अंगावर पिणारा. आजी तेव्हा आठेक वर्षांची. तिला आठवायचं ते असं. सकाळी बापाला माती दिली. कुणी वाचायला नव्हतं म्हणून आईनंच शास्त्रातला भाग वाचला आणि प्रार्थना केली. घरी आल्यावर ती थोडा वेळ उंबऱ्यावर बसली. मग उठून तिनं मोठं पातेलं चुलीवर चढवलं, होत्या नव्हत्या त्या जोंधळ्याच्या कण्यांची पेज केली, मीठ टाकलं आणि लेकीच्या हातात तांब्या देऊन म्हणाली, चल. दारोदार जाऊन दोघी पेज घालत होत्या. आतली माणसं इतकी गळून गेलेली, की रांजणापर्यंत उठून पाणी घ्यायची ताकद नाही. एका म्हातारीनं विचारलं, "अगं, आज तर तुझा धनी गेला. तुला ह्ये सुचतंय कसं?" पणजी म्हणाली, "त्यो उठायचा तवा उठंल. ह्ये जिते निजल्यात, त्यांना आज उठवाया पायजे."

पणजी हेच म्हणाली का, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही. आजी गोष्ट सांगताना वाक्यांना घोटून गुळगुळीत करायची, आणि माझ्या मावशीच्या तोंडी हेच वाक्य जरा वेगळं येतं. तिच्या सांगण्यात पणजी काही बोलतच नाही, फक्त म्हातारीच्या वाडग्यात आणखी एक पळी ओतते. पण पेजेबद्दल दोघींचं एकमत आहे. आणि रजिस्टरबद्दल मी स्वतः सांगू शकते, कारण ते मी पाहिलं आहे. मंडळीचं जुनं दफनाचं रजिस्टर, लांबट, कापडी पुठ्ठ्याचं. नाव, वय, तारीख, मरणाचं कारण, आणि माती कोणी दिली, असे रकाने. १९१८ च्या ऑक्टोबरपर्यंत सगळ्या नोंदी एकाच हातच्या आहेत, टाकाच्या, किंचित उजवीकडे झुकलेल्या. कारणाच्या रकान्यात पहिल्यांदा 'ताप', मग 'मानमोडी', मग नुसती वरच्यासारखीच अशी खूण. आणि मग एका ओळीपासून अक्षर बदलतं. ते मोठं, वेडंवाकडं, शिवण शिकलेल्या हाताचं अक्षर आहे. त्या ओळीत पणजोबांचं नाव आहे. 'माती कोणी दिली' या रकान्यात 'घरच्यांनी' असं लिहिलं आहे. त्याखाली त्याच वेड्यावाकड्या अक्षरात आणखी नोंदी आहेत, पानभर.

पुढच्या वर्षी ईस्टर २० एप्रिलला आला. गावाबाहेर तेव्हा भिंतीचं कबरस्थान नव्हतं, नुसती उंच-सखल जमीन, आणि त्यावर ढेकळं अजून मुरलेली नाहीत असे किती तरी उंचवटे. शनिवारी बायांनी पांढरी माती कालवून ते सारवले. फुलं म्हणजे कण्हेरीची आणि कडुलिंबाचा मोहोर. गाणं म्हणणारे मास्तर गेले, ढोलकीवाला गेला. त्यामुळे टाळांवरच भागवलं. आजी सांगायची, की कुणालाच धड गाता येत नव्हतं, सुरुवात झाली की कुणाचा तरी गळा दाटायचा, मग दुसरीनं उचलायचं. प्रभू उठला असं एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी त्याला दुजोरा द्यायचा, ही रीत तेव्हाही होती. त्या दिवशी दुजोरा उशिरा आला म्हणे. पण आला.

त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ९ मे १९१९ ला, नारायण वामन टिळक मुंबईत वारले. नगरच्या ख्रिस्ती घरांत टिळक म्हणजे आपला माणूस. त्यांची गाणी उपासना-संगीताच्या वहीत आहेतच, पण ते ज्या रस्त्यांवरून चालले ते रस्तेही आमचे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या मागाहून काही वर्षांनी, स्वतःच्या पायांनी चालत आल्या. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडून संन्याशाचा मार्ग धरला. आणि मरताना सांगून ठेवलं, की मला पुरू नका, जाळा. तसं झालं, आणि रक्षा नगरला आणली. या गोष्टीनं तेव्हा आमच्या लोकांत खळबळ माजली होती. मेलेलं माणूस देहासकट उठणार अशी श्रद्धा असलेल्यांनी राख कशी करायची? आजीनं म्हणे आईला विचारलं, की टिळक आता कसे उठतील. पणजीची आई दुष्काळात कुठल्या वाटेवर पडली, तिला कोणी पुरलं की नाही, हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, माझ्या आईला ज्यानं शोधायचंय तो टिळकांनाही शोधील. पौलानं करिंथकरांना लिहिताना पेरलेल्या दाण्याचा दाखला दिला आहे. पेरताना दाणा असतो आणि वर येतं ते काही वेगळंच, असा. शेतावर राबणाऱ्या माणसांना त्यावर वेगळं प्रवचन लागत नव्हतं.

टिळकांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. ज्यांना लिहायला-वाचायला लग्नानंतर शिकावं लागलं, त्यांनी अध्यायामागून अध्याय ओव्या रचून नवऱ्याचं काव्य जवळजवळ पुरं केलं. १९३६ मध्ये त्या गेल्या. 'स्मृतिचित्रे'साठी त्यांना सगळा महाराष्ट्र ओळखतो, पण आमच्या घरात त्यांच्या या दुसऱ्या कामाचं अप्रूप जास्त होतं.

पंडिता रमाबाईंना आजी नुसतं 'बाई' म्हणायची. पणजीच्या बोर्डिंगातली एक मैत्रीण पुढे केडगावला मुक्तिमिशनमध्ये गेली होती आणि छापखान्यात खिळे जुळवायची. त्यामुळे केडगावच्या गोष्टी आमच्याकडे बातम्यांसारख्या यायच्या. रमाबाईंचं आयुष्य म्हणजे एकामागून एक मातीच होती. वडील १८७४ मध्ये गेले, पाठोपाठ आई, मग बहीण, उपासमारीनं. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पटकीनं नवरा. पदरात वर्षाचीही न झालेली मनोरमा. हीच बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन रस्त्याकडेच्या पोरी उचलून आणते, केडगावच्या माळावर विहिरी खणते, गुरं पाळते, माग घालते, छापखाना काढते. १९०५ मध्ये मुक्तीत मोठं धार्मिक जागरण झालं, रात्र-रात्र मुली प्रार्थना करत, रडत. त्यावर परदेशात पुस्तकं लिहिली गेली. मला स्वतःला त्या रडण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात वेळेवर निघालेल्या धारा जास्त महत्त्वाच्या वाटतात. दोन्ही एकाच प्रार्थनेची अंगं आहेत असं कुणी म्हणेल, आणि त्याला मी नाही म्हणणार नाही.

२४ जुलै १९२१ ला मनोरमाबाई गेल्या. रमाबाईंनी सगळा कारभार लेकीच्या हाती द्यायचं ठरवलेलं. हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर त्या कित्येक वर्षं करत होत्या. लेक गेल्यावरही ते थांबलं नाही. मुद्रितं तपासणं चालूच राहिलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, ईस्टरला दीडेक आठवडा राहिला असताना. बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आलं, बायांनीच जुळवलेलं, बायांनीच छापलेलं. पणजीच्या मैत्रिणीच्या बोटांच्या पेरांतली शाई तिच्या म्हातारपणापर्यंत गेली नव्हती, असं आजी शपथेवर सांगायची. ही शपथ मी अर्धीच धरते.

माझ्या स्वतःच्या डोळ्यांसमोरचं म्हणजे १९७२. आजी तेव्हा साठी ओलांडलेली, तरीही दुष्काळी कामावर जायची. नाव मस्टरवर आईचं, पण आईला दिवस गेलेले, म्हणून बदली आजी. मुकादमानं डोळेझाक केली. काम खडी फोडायचं. ब्रासवर मोजून पैसे. बाया उन्हात ओळीनं बसायच्या, डाव्या हाताच्या बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून, कारण हातोडी निसटली की नखच जायचं. शाळेला सुट्टी असली की मी पाणी घेऊन जायचे. दुपारी सुकडी वाटायचे, घरी मिलोची लाल भाकरी. आजी त्या ओळीत बसून बायांना धोंडेची गोष्ट सांगत असे. ओळीत वारकरी होत्या, वंजारी होत्या, एक मुसलमान बाईही होती. एकदा शेजारची माळकरी म्हातारी हातोडी थांबवून म्हणाली, "तुमच्या देवाची धोंड रातोरात हलली बाई. आमची मुकादम मोजून घेतोय." सगळी ओळ हसली. आजी सगळ्यांत जास्त हसली. मग म्हणाली, "अगं पण त्या निघाल्या तवा हलल्याली त्यांना ठावं नव्हती ना." म्हातारी म्हणाली, हे मात्र खरं, आणि दोघी पुन्हा खडी फोडू लागल्या.

आजीची प्रार्थना ऐकून कुणाचं मन उंच वगैरे गेलं असेल असं मला वाटत नाही. रात्री दिवा बारीक करून ती डोळे मिटायची आणि देवबापाला दिवसाचा हिशोब द्यायची. कुणाच्या म्हशीला कास सुजलीय, कुणाचा पोरगा मुंबईहून पत्र पाठवत नाही, तलाठी सात-बारावर नाव लावत नाही, सगळं. मधूनच भांडायची. तू ऐकतोस का नाही, असंही विचारायची. मेलेल्यांसाठी ती कधी प्रार्थना करत नसे, आमच्या पंथात ती रीत नाही. मेलेल्यांच्या घरी मागे राहिलेल्यांची मात्र नावं घ्यायची, बारकी पोरंसुद्धा सुटायची नाहीत. पुनरुत्थानानंतरची तिची आवडती गोष्ट योहानातली. शिष्य रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हातानं येतात, आणि किनाऱ्यावर येशूनं विस्तव करून मासे भाजत ठेवलेले असतात, भाकरीही. "मेल्यातून उठला, तर पयलं काय केलं? चूल पेटवली." तिच्या दृष्टीनं देवत्वाचा याहून मोठा दाखला नव्हता.

हे सगळं मी वर्षानुवर्षं ऐकलं, शाळेत शिकवताना मुलांना सांगितलं आणि मला वाटत होतं, की ते माझ्या अंगी मुरलं आहे. ते तपासायची वेळ २०२१ मध्ये आली. त्या वर्षी ईस्टर ४ एप्रिलला होता. आदल्या वर्षीचा, १२ एप्रिलचा, ईस्टर तर कडकडीत टाळेबंदीतच गेला होता. या वर्षी पहाटे मोजकी माणसं तोंडाला मास्क बांधून कबरस्थानात उभी राहिली, आणि त्याच दिवशी संध्याकाळी राज्यात नवे कडक निर्बंध जाहीर झाले. पुढच्याच आठवड्यात माझा दादा गेला. ऑक्सिजनची खाट मिळेपर्यंत जी धावपळ झाली ती त्या महिन्यात हजारो घरांत झाली, निराळं काही सांगण्यासारखं नाही. मातीला आम्ही फाटकाबाहेर उभे होतो. प्लास्टिकच्या पोशाखातल्या चौघांनी खड्ड्यात उतरवलं. पाळकसाहेबांनी लांबूनच मोठ्यानं प्रार्थना केली, वाऱ्यानं निम्मी ऐकू आली नाही.

मी पणजीसारखी उठले नाही. कित्येक दिवस अंथरुणात पडून होते. गुगल मीटवर रोज रात्री मंडळीची प्रार्थना असायची. मी फोन लावून पालथा ठेवायचे. माझं नाव घेतलं जायचं, ते ऐकायचे, माझ्याकडून काही बोलणं व्हायचं नाही. उठवलं ते महिला मंडळातल्या एका बाईनं. ती रोज डबा आणून फाटकाला अडकवायची आणि शिव्या घातल्यासारखी ओरडायची, "काकू, कालचा डबा धुऊन ठेवा म्हणलं ना!" डबा धुवायला म्हणून मी उठले. त्यात साक्षात्कार काही नव्हता. डबा खरोखरच खरकटा होता.

वहिनी वसईची, कॅथलिक. पोर्तुगीज १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईत होते, तेव्हापासूनच्या त्या मंडळींच्या रिती आमच्याहून निराळ्या. तिनं दादासाठी मिस्सा सांगितला. आमच्याकडच्या एक-दोन वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, मेलेल्यासाठी कसली प्रार्थना म्हणून. त्या वेळी तरी त्यांनी गप्प बसायला हवं होतं. पुढच्या वर्षी मी तिच्यासोबत वसईला ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेला गेले. चर्चचे सगळे दिवे मालवतात, बाहेर नवा विस्तव पेटवतात, त्यावरून मोठी पास्काची मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून एकाची दुसऱ्याला, असं करत सगळं देऊळ उजळतं. वहिनीनं तिची मेणबत्ती माझ्या मेणबत्तीला लावली आणि पहिल्यांदाच दादाबद्दल सलग बोलली, तिथंच, गर्दीत, मेण बोटांवर ओघळत असताना. त्याच रात्री गाडी पकडून आम्ही नगरला आलो. १७ एप्रिल २०२२ ची पहाट. कबरस्थानात पुन्हा माणसं मावत नव्हती. त्या दोन वर्षांतली नवी थडगी एका ओळीत आहेत. दुजोरा या वेळी वेळेवर आला.

आता एक विनंती, खास करून गावोगावच्या पंचकमिट्यांना आणि पाळकांना. मी ज्या रजिस्टरबद्दल वर लिहिलं ते एका पत्र्याच्या पेटीत, फुटक्या झांजा आणि जुन्या पावतीपुस्तकांच्या खाली पडलेलं होतं, आणि त्याची मागची काही पानं वाळवीनं खाल्ली आहेत. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची असली रजिस्टरं नगर, जालना, सातारा, सोलापूरकडच्या जुन्या मंडळ्यांतून अजून असतील. आमच्यासारख्या घराण्यांची दुसरी लेखी वंशावळ कुठंही नाही. कुलकर्ण्यांच्या दप्तरांत आमची नावं नीट आलीच नाहीत. मोबाइलवर पानापानाचा फोटो काढायला एक दुपार पुरते. आणि ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढची माणसं आहेत त्यांनी मानमोडीची, प्लेगची, बहात्तरची गोष्ट या ईस्टरच्या आत विचारून घ्यावी. आजीची मी कधी टेप केली नाही, मावशीची केली आहे. ती आता ब्याऐंशी वर्षांची आहे आणि दुपारी चारनंतर तिला बोलायला आवडतं.